आषाढातला शिमगा

शिळफाट्यावरच्या दवाखान्यात शकू सुई घेऊन आली की आधी पेशंटला विचारते, "कुणाचा राग येतोय का?"

नवा माणूस गोंधळतो. ताप आलेला, विजार अर्धी खाली केलेली, आणि ही बाई रागाची चौकशी करते आहे.

"आठव कुणाचा तरी. नाव घे त्याचं. मोठ्यानं."

माणूस कधी मेव्हण्याचं नाव घेतो, कधी कारखान्यातल्या मुकादमाचं. एकानं तर बाहेर बाकावर बसलेल्या स्वतःच्या बायकोचं घेतलं होतं आणि नंतर तिथूनच दोघांचं भांडण घरापर्यंत गेलं. नाव तोंडातून बाहेर पडेपर्यंत शकूची सुई टोचून झालेली असते आणि ती कापसाचा बोळा चोळत असते. खोपोलीच्या बाजारात म्हणतात, शकूचं तोंड वाईट पण हात हलका. सगळे तिला सिस्टर म्हणतात. ती सिस्टर नाही. तिच्याकडे कोर्स पुरा केल्याचा कागद नाही, म्हणून डॉक्टर तिला मदतनीस म्हणतात आणि मदतनिसाचाच पगार देतात. काम मात्र सिस्टरचं. हे असं का झालं, ते विचारलं तर ती सांगते, पण मधेमधे इतक्या शिव्या देते की ऐकणाऱ्याला गोष्ट कमी आणि शिव्याच जास्त लक्षात राहतात. शिव्या बाजूला काढून जे उरतं ते असं आहे.

शकू पोशीरची. बाप गजा, आई धोंडूबाई, भाताची खाचरं, घरात एक म्हातारी म्हैस. नेरळच्या शाळेत अकरावीच्या आसपास पोचलेली आळीतली ती पहिली मुलगी. एकदा गावात देवीची लस टोचायला एक नर्सबाई आली. पांढरी साडी, मनगटाला घड्याळ. सरपंच आपल्या नातवाला लस टोचू देईना तेव्हा त्या बाईनं सरपंचाला भर चावडीत दटावलं, आणि सरपंच गप्प बसला. सरपंचाला दटावणारी बाई शकूनं तोपर्यंत पाहिली नव्हती. घरी येऊन तिनं सांगून टाकलं, "मला नर्स व्हायचं हाय."

गजा म्हणाला, "आनि लावणीला कोन येल?"

"रजा घेऊन येन."

त्या लावणीच्या अटीवर ती गेली.

कर्जत आणि खालापूरच्या मधे तेव्हा एका ट्रस्टचं रुग्णालय होतं. नाव सांगत नाही, आता तिथला बोर्डही बदलला आहे. रुग्णालयाला जोडून परिचारिकांचं विद्यालय होतं. मुली तिथे शिकायच्या असं कागदावर होतं. प्रत्यक्षात पगारी नर्स होत्या दोन, आणि बाकी सगळं रुग्णालय या शिकाऊ मुलींच्या पाठीवर उभं होतं. बेडपॅन त्यांनी उचलायचे, चादरी त्यांनी धुवायच्या, फरशी पुसायला बाई आली नाही की ती त्यांनी पुसायची. रात्रपाळी संपली की सकाळी तास असायचा, आणि एखादी मुलगी आजारी पडली की तास सोडून पुन्हा पाळी. त्यातून वेळ उरला तर शरीररचनाशास्त्र. जेवणाचं म्हणाल तर वरणात डाळ शोधायला चिमटा लागेल, असं मुली म्हणायच्या.

शकूची मैत्रीण जना खालापूरच्या बाजूची. वडील नव्हते, चुलते नामा यांच्या घरी वाढलेली. चुलता वाईट नव्हता, पण त्याच्याही तीन पोरी लग्नाच्या होत्या, आणि जनासाठी त्यानं एक बिजवर हेरून ठेवला होता. चाळिशीचा, दोन मुलांचा. जनाला कोर्सला जाऊ दिलं ते एका बोलीवर: पास झालीस तर नोकरी कर, नाहीतर सरळ बोहल्यावर उभी राहा. जना बोलायला मऊ, अंगानं बारीक. मेट्रननं नुसतं "कोण आहे तिकडे?" म्हटलं तरी तिच्या हातातली ट्रे वाजायची.

एका मे महिन्यात ऑपरेशनच्या खोलीत एक शिकाऊ मुलगी चक्कर येऊन पडली, ती थेट हत्यारांच्या ट्रेवर. नेमके त्याच दिवशी ट्रस्टचे अध्यक्ष पत्नीसह फेरी मारायला आले होते. अध्यक्षीणबाईंनी ते पाहिलं आणि त्यांना फार वाईट वाटलं. मुलींवर ताण येतो, यावर काहीतरी करायला हवं, असं ठरलं. आता ताण कशाचा येतो हे तिथल्या झाडूवाल्या भागूबाईनंसुद्धा सांगितलं असतं. रात्रभर जागवून सकाळी उभं केलं की म्हैसही पडते. पण आणखी चार नर्स नेमण्यापेक्षा मुंबईहून एक डॉक्टर आणि एक पेटी आणणं सोपं होतं. दोरी तुटायला आली तर ओझं कमी करत नाहीत आपल्याकडे. दोरीला व्याख्यान देतात.

डॉक्टर तरुण होते, चष्मा, खादीचा झब्बा. माणूस अजिबात वाईट नव्हता, आणि चीड येते ती त्याचीच. त्यांनी मुलींना नीट समजावून सांगितलं. या उपचाराला बायोफीडबॅक म्हणतात. माणूस घाबरला, चिडला की त्याच्या बोटांना बारीक घाम येतो, तुम्हाला कळतही नाही इतका. या पेटीला तो कळतो. बोटांत या दोन पट्ट्या अडकवायच्या. मन तापलं की पेटीचा आवाज चढतो, मन निवलं की उतरतो. आवाज ऐकत ऐकत तो उतरवायला शिकायचं. एकदा जमलं की पुढे पेटीशिवायही जमतं. यात जादू नाही, औषध नाही, आपल्याच शरीराचा आरसा आहे.

"आधी मेट्रनबाई बसतील का?" कुणीतरी मागून पुटपुटलं.

मेट्रन म्हणाल्या, "मला ताण नसतो." आणि ते खरं होतं. त्या तो दुसऱ्यांना द्यायच्या.

एकेक मुलगी बसली. कुणाची पेटी गुणगुणली, कुणाची भुणभुणली. जना बसली तेव्हा पेटी अशी किंचाळली की बाहेरचं कुत्रं उठून उभं राहिलं. शकूचंही त्याहून फार वेगळं झालं नाही.

"डोळे मिटा," डॉक्टर म्हणाले. "समुद्रकिनारा डोळ्यांपुढे आणा. संथ लाटा येताहेत."

शकू रायगड जिल्ह्यात जन्मली, पण समुद्र तिनं पाहिला नव्हता. आवाज हलला नाही.

"बरं, बाग आणा. फुलं आहेत, तुम्ही निवांत बाकावर बसला आहात."

शकूला माहीत असलेली बाग एकच, रुग्णालयासमोरची. तिथल्या बाकावर बसलेली मुलगी दिसली की मेट्रन तिला चादरी धुवायला पाठवायच्या. आवाज आणखी चढला.

खोलीवर आल्यावर जना म्हणाली, "तो समुद्र सांगत व्हता तवा मला वाटलं, बुडायलाच सांगतोय."

"बुडायला पन रजा मिळाया पायजे," शकू म्हणाली.

दर आठवड्याला डॉक्टर यायचे. मुलींनी आपल्या विश्रांतीच्या वेळात पेटीपुढे बसायचं. विश्रांती घेण्याची विद्या शिकायची, ती विश्रांतीच्या वेळात. यात काही विचित्र आहे असं तिथे कुणालाच वाटलं नाही.

असाच एक दिवस. सकाळी मेट्रननी शकूनं धुतलेल्या चादरी वॉर्डात सगळ्या पेशंटांसमोर जमिनीवर फेकल्या आणि पुन्हा धुवायला लावल्या. डाग नव्हता. डाग दिसतोय, असं मेट्रनना वाटलं होतं. दुपारी शकू बोटांत पट्ट्या अडकवून बसली तेव्हा पेटी तापलेल्या किटलीसारखी ओरडत होती.

"समुद्र नको, बाग नको," डॉक्टर हताश होऊन म्हणाले. "नुसता श्वास सोड. लांब. जितका लांब सोडता येईल तितका."

लांब श्वास म्हटल्यावर शकूला एकच गोष्ट आठवली. शिमगा.

पोशीरला होळी पेटली की पुरुष आणि पोरं बोंब मारतात, ते सगळीकडेच असतं. पण शकूच्या आळीत दुसऱ्या दिवशी सकाळी, पुरुष पडलेले असताना, बायका होळीच्या राखेपाशी जमायच्या. वर्षभरात ज्याच्यावर राग धरला असेल त्याच्या नावानं तोंडावर उलटा हात मारत बोंब मारायची, छातीतला सगळा वारा संपेपर्यंत. ज्याच्या नावानं बोंब, त्यानं ऐकली तरी रागवायचं नाही, आणि मारणारीनं राख कपाळाला लावली की तो राग पुढच्या वर्षात न्यायचा नाही. धोंडूबाई दरवर्षी सासूच्या नावानं मारायची, सासू शेजारी उभी असताना. सासू म्हणायची, "औंदा आवाज बसलाय गं तुजा," आणि मग स्वतः आपल्या मेलेल्या सासूच्या नावानं मारायची.

शकूनं डोळे मिटले. राखेपाशी उभी राहिली. आणि तोंड न उघडता, मनातल्या मनात, मेट्रनच्या नावानं बोंब मारली. पोटातून निघालेली, लांबच लांब. श्वास संपला तशी दुसरी. मग तिसरी.

पेटीचा आवाज उतरत उतरत भुंग्यासारखा झाला आणि बंद पडला.

"वा!" डॉक्टर उठूनच उभे राहिले. "काय केलंस? कसला विचार केलास?"

शकूनं डोळे उघडले तर दारात मेट्रन उभ्या.

आमच्याकडे अडचणीत माणूस देव पुढे करतो. उशीर का झाला, देवळात गेलो होतो. डोळे का सुजले, देवाच्या धुरानं. शकूच्या तोंडून आपसूक निघालं, "देवाचं नाव घेतलं."

खोलीवर तिनं जनाला खरं सांगितलं. दोघी तोंडात पदर कोंबून हसल्या. शकूला गंमत वाटत होती, पण तिला फायदाही झाला होता. इंजेक्शन भरताना तिचा हात थरथरायचा, तो थांबला. पेटीनं खरंच काहीतरी शिकवलं होतं. तिनं जनालाही करून बघायला सांगितलं.

जनानं करून पाहिलं. "मला नाय जमत गं. मेट्रनचं नाव मनात आनलं की उलटं जास्तच धडधडतंय."

"मंग चुलत्याचं घे."

"त्याचं कसं घेऊ? त्यानं पोसलंय मला."

ही जना. मनातल्या मनातसुद्धा तिला कुणाला दुखवता यायचं नाही.

पंधरवड्यानं नोटीस लागली. नामस्मरणानं विद्यार्थिनींचा ताण कमी होतो असं यंत्रावर सिद्ध झालं आहे, सबब उद्यापासून पाळीच्या आधी पहाटे सर्वांनी हॉलमध्ये जपाला बसावं. ज्यांचा आवाज अजून उतरत नाही त्यांनी दुपारीही बसावं. डॉक्टरांनी असं काही म्हटलं नव्हतं. त्यांनी अध्यक्षांना फक्त सांगितलं होतं की एका मुलीनं असं असं केलं. पण नोटीस वाचून त्यांनी ती काढायलाही लावली नाही. कशाला वाद, असं त्यांना वाटलं असेल. चांगल्या माणसांना असं फार लवकर वाटतं.

आता रात्रपाळी करून आलेल्या मुलीची पहाट गेली आणि जनासारख्यांची दुपारही गेली. पाळ्या होत्या तशाच. नर्स होत्या तेवढ्याच. उलट आता कुणी कुरकुर केली तर उत्तर तयार होतं: "शकूला जमतं, तुम्हाला का जमत नाही?" जेवताना मुली शकूशेजारून उठून जायला लागल्या. एक तर सरळ म्हणाली, "आमची झोप खाल्लीस, आता वरणही खा."

शकूनं खरं सांगायला हवं होतं. दर सकाळी ती ठरवायची आणि दर सकाळी जपाला बसल्यावर मेट्रन पहिल्या रांगेत तिच्याकडे कौतुकानं बघायच्या. मेट्रनचं कौतुक तिथे कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं. आणि कोर्स संपायला थोडेच महिने उरले होते. मेट्रनच्या नावानं बोंब मारली असं सांगणारी मुलगी तिथे एक रात्रही राहिली नसती. शकू गप्प राहिली आणि पहाटेच्या त्या हॉलमध्ये बसून, मनात, रोज शिमगा करत राहिली.

आषाढात ते घडलं. जना रात्रपाळी संपवून जपाला बसली, तिथून तिला दिवसाच्या पाळीला उभं केलं, दुपारी पुन्हा जप. संध्याकाळी एका म्हातारीला शेकायला गरम पाण्याची पिशवी भरत असताना तिचे डोळे उभ्याउभ्या मिटले. उकळतं पाणी म्हातारीच्या पोटरीवर सांडलं. म्हातारीचं नाव मोतीबाई. फोड आले. मोतीबाई कळवळली, आणि मग जनाचा चेहरा बघून म्हणाली, "नाय गं बाय, फार नाय भाजलं. तू बस जरा, पडशील."

मेट्रननी जनाला बसू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीत बोलावून सांगितलं, "चुलत्यांना निरोप गेलाय. गुरुवारी न्यायला येतील. यंत्रावर तुझा आवाज एकदाही खाली आला नाही. मुळात तुझा पिंडच या कामाचा नाही, आणि श्रद्धा म्हणशील तर तीही नाही."

डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "काही जणींची प्रतिक्रिया जरा तीव्र असते हे खरं." बस. एवढंच ते म्हणाले.

बुधवारी दोघी कापसाचे बोळे वळत बसल्या होत्या. जना रडत नव्हती. वळलेला प्रत्येक बोळा डब्यात नीट लावत होती, जणू उद्याही तीच ते वापरणार होती.

"तुज्या देवानं मला घालवली," ती म्हणाली.

शकूचा हात थांबला.

"मी काय खोटं बोलतेय? मेट्रन म्हनली, श्रद्धा नाय. मी रोज खरोखर देवाचं नाव घेत व्हते शकू. त्या हॉलात मी एकटीच घेत व्हते."

"खरं सांगितलं तर मला घालवतील, जने."

"हां," जना म्हणाली. "घालवतील."

आणि ती बोळे वळत राहिली. सांग असं म्हटलं नाही, नको सांगू असंही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर शकूला तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

गुरुवारी अध्यक्षांचे पाहुणे यायचे होते. यंत्राचा प्रयोग बघायला मुंबईची दोन माणसं आणि जिल्ह्याहून आरोग्य खात्याकडच्या एक बाई. हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या, खुर्च्या मांडल्या. बाहेर व्हरांड्यात जनाची पत्र्याची पेटी ठेवलेली, आणि तिच्या बाजूला डोक्यावर टॉवेल टाकून नामा बसलेला. सकाळपासून त्याला कुणी पाणीही विचारलं नव्हतं. जनाला शेवटचं म्हणून पाहुण्यांना चहा द्यायला उभं केलं होतं. घालवायचं ठरलेल्या मुलीकडूनही एक ट्रे फिरवून घ्यायची, असं ते रुग्णालय होतं.

अध्यक्षांनी प्रास्ताविक केलं. पाश्चात्त्यांनी यंत्र दिलं, पण त्यात प्राण आपल्या परंपरेनं फुंकला, असं काहीसं. मग मेट्रननी शकूला पुढे बोलावलं. "ही आमची शकुंतला. खेड्यातली मुलगी. पण हिनं नामस्मरणानं काय साधलंय ते आता बघा."

शकूच्या डाव्या हाताच्या बोटांत डॉक्टरांनी पट्ट्या अडकवल्या. पेटी किंचाळायला लागली. इतकी की एका पाहुण्यानं कानाला हात लावला. शकूला दारातून नामाचा टॉवेल दिसत होता, आणि ट्रे धरलेली जना दिसत होती. ट्रेवरचे कप वाजत होते.

सगळे वाट बघत होते. आवाज उतरेना.

"घाबरू नकोस," मेट्रन हसून म्हणाल्या. "देवाचं नाव घे. मोठ्यानं घे, म्हणजे पाहुण्यांनाही कळेल."

शकूनं मेट्रनकडे पाहिलं. उजवा हात उलटा करून तोंडाशी नेला. आणि बोंब मारली.

हॉलमध्ये बसलेल्या निम्म्या मुली खेड्यातल्या होत्या. त्यांना पहिल्या सुराबरोबर कळलं ही कसली बोंब ते. पाहुण्यांना वेळ लागला. छातीतला सगळा वारा बाहेर काढत, तोंडावर हात मारत शकूनं पहिली बोंब मेट्रनच्या नावानं मारली, नाव घेऊन. श्वास घेतला. दुसरी अध्यक्षांच्या नावानं. तिसरी त्या पेटीच्या नावानं, आणि तिसरी संपेपर्यंत पेटी भुंग्यासारखी गुणगुणत बंद पडली होती. हॉलमध्ये कपसुद्धा वाजत नव्हते.

"हे घ्या तुमचं नामस्मरण," शकू म्हणाली. "पयल्या दिवसापासून हेच करत व्हते मी. देवाचं नाव एकदा पन घेतलं नाय. घेतलं ते त्या जनानं, आनि तिलाच तुमी श्रद्धा नाय म्हनून घालवताय. तिच्या हातून पानी सांडलं ते झोपेनं सांडलं. रातपाळी करून दिवसाला उभी केली व्हती तिला. त्या पेटीला घाम कळतो, मंग झोप का नाय कळत? आनि तुमाला का नाय कळत? तुमाला तर डोळे हायेत!"

मेट्रन पांढऱ्याफटक पडल्या. अध्यक्ष उठले. आणि डॉक्टर? डॉक्टर खाली वाकून पेटीवरचा काटा बघत होते. मान वर करून ते शकूला म्हणाले, अगदी मनापासून म्हणाले, "विलक्षण आहे. पुन्हा एकदा करशील?"

शकू म्हणते, मेट्रनचं तिला आता काही वाटत नाही. त्या बाईंना तरी कळलं होतं की त्यांना शिवी बसली. पण ते "पुन्हा एकदा करशील?" आठवलं की आजही तिची बोटं ओली होतात.

आरोग्याकडच्या बाई तोवर काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि जनाला विचारलं, "तू शेवटची रात्रभर कधी झोपलीस, बाळ?"

जना आठवायला लागली. बोटांवर दिवस मोजू लागली. मोजता मोजता थांबली, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. ती काही केल्या त्या दिवसापर्यंत पोचेना. बाईंनी अध्यक्षांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हिला ठेवा. आणि पहाटेचं ते बंद करा." दोन वाक्यं. ती दोन वाक्यं कुणीही, कधीही म्हणू शकलं असतं.

जना राहिली. पण झाल्या अपमानाची भरपाई कुणीतरी करायलाच हवी होती. अध्यक्षांनी शकूचं नाव त्याच तासाला काढून टाकलं. आरोग्याकडच्या बाईंनी त्याला हरकत घेतली नाही. शिस्त म्हणून काही असतं, असं त्यांनाही वाटलं असणार.

मुली खोलीत शकूची पत्र्याची पेटी भरायला मदत करत होत्या. जेवताना शकूशेजारून उठून गेलेल्या मुलीनंच चादरीची घडी घालून दिली. न्यायला शकूच्या घरचं कुणी आलेलं नव्हतं, तेव्हा मेट्रननी व्हरांड्यातल्या नामाकडे बोट दाखवलं. "हे कर्जतपर्यंत सोडतील. गाडीभाडं दिलेलंच आहे."

नामानं पेटी खांद्यावर घेतली. एसटीच्या थांब्यापर्यंत तो पुढे चालत राहिला. मग पेटी खाली ठेवत म्हणाला, "माजी नेयाला आलो आनि दुसऱ्याचीच घेऊन चाललो."

"वाईट वाटतंय का, काका?"

नामानं टॉवेलनं तोंड पुसलं. "त्या बिजवराला काय सांगू, त्ये बघतोय." मग पेटीवर बसत म्हणाला, "बोंब इथं थांब्यापर्यंत आली असंल गं तुजी."

पोशीरला लावणी चालू होती. शकू तशीच खाचराच्या बांधावर जाऊन उभी राहिली. गजानं मान वर केली. "रजा लवकर मिळाली?"

"घालवलं. शिमगा केला."

"शिमगा?" गजा म्हणाला. "आषाढात?"

धोंडूबाई गुडघाभर चिखलात वाकलेली होती, ती तशीच म्हणाली, "कुनाच्या नावानं?"

"मेट्रनच्या."

"राख लावलीस का कपाळाला?"

"नाय."

"मंग तो राग ऱ्हायला," धोंडूबाई म्हणाली आणि रोपांची जुडी तिच्याकडे फेकली. शकूनं ती झेलली आणि चिखलात उतरली.

तो राग राहिलाच. बाकीचं शिळफाट्यावर सगळ्यांना दिसतं. मुंबईच्या त्या पेटीवाल्या डॉक्टरांचा एक लेख पुढे कुठल्याशा मासिकात आला म्हणतात. त्यात दीर्घ उच्छ्वासाचं महत्त्व होतं, आणि एका ग्रामीण विद्यार्थिनीचा उल्लेख होता. नाव नव्हतं. बोंबही नव्हती.

जना पास झाली. आता खालापूरच्या बाजूला एका खाजगी रुग्णालयात इनचार्ज सिस्टर आहे. तिच्या हाताखाली शिकाऊ मुली असतात. वर्षातून एखादी चक्कर ती शिळफाट्याला टाकते. येताना पेरू आणते, नाहीतर शेव. गेल्या खेपेला आली तेव्हा सोन्याची बारीक बांगडी होती हातात, अंग भरलेलं, आवाजही भरलेला. दोघी दवाखान्याच्या मागच्या पायरीवर बसल्या.

"तुज्यामुळं हे सगळं," जना म्हणाली. दरवेळी म्हणते. "तुज्या जागी मी असते तर माज्यानं झालं नसतं."

"नसतंच झालं. म्हनून तर मी केलं." शकूनं पेरूला मीठ लावलं. "तुज्या पोरी कशा हायेत?"

"बऱ्या हायेत. आळशी हायेत जरा. आजकालच्या पोरींना काम नको."

शकूनं पेरू खाली ठेवला.

"रातपाळी करून आली की झोपतात का?"

"स्टाफच नाय गं शकू. मी वर सांगते, कोन ऐकतंय? एखादीला सकाळी पन थांबवावं लागतं. मी काय करू?"

"जने, झोपतात का?"

जना पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. आतून डॉक्टरांनी सुईसाठी हाक मारली. शकू उठली, साडी झटकली आणि आत गेली. पुढच्या शिमग्याला राखेपाशी कुणाच्या नावानं उभं राहायचं, ते तिचं ठरलं होतं.